घरोघरचं पाणी

हरणजवळग्यात दैवशाला गंभीरेला सगळे 'पाणी न पिणारी आशाताई' म्हणत. वीस वर्षं ती या गावात आशा कार्यकर्ती म्हणून घरोघर फिरत होती. बाळांची वजनं करायची, म्हाताऱ्यांचा बीपी बघायची, पोटुशा पोरींना गोळ्या नेऊन द्यायची. पण कुणाच्या दारात तिने घोटभर पाणी घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं. समोर तांब्या आला की "आत्ताच पिऊन आले बघा" म्हणायची आणि कामाला लागायची.

कारण साधं होतं. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं कुठे? शाळेच्या संडासाला कायम कुलूप. घरोघरी संडास होते, पण ते मागच्या अंगणात, आणि अंगणात बाजेवर कुणाचा तरी सासरा नाहीतर दीर पहुडलेला. त्यांच्यासमोरून "जरा जाऊन येते" म्हणत जाण्यापेक्षा दैवशालाला तहान सोसणं परवडत होतं. हा विषय चारचौघांत काढायचा नसतो असं तिला लहानपणापासून वळण लागलेलं, आणि वळण लावणारी तिची आई मोठी कडक बाई होती. म्हणून ती सकाळी कोरडी निघायची आणि दुपारी घरी येऊन आधी मोरीत पळायची. नोकरीसाठी उन्हातान्हात हिंडणाऱ्या कुठल्याही बाईला हे नव्याने सांगायला नको.

गावाच्या खालच्या अंगाला भीमनगर होतं. तिथे मात्र या साध्या कारणाचा अर्थ फार वेगळा लागत होता. दैवशाला मराठ्याच्या घरची. वरच्या गल्लीत ती पाणी पीत नाही हे भीमनगराला ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि आपल्या दारात ती पीत नाही हे रोज दिसत होतं. कुणी कारण विचारलं नाही. असल्या गोष्टीचं कारण विचारायची त्यांना आजवर कधी गरज पडली नव्हती.

विचारलं होतं फक्त एकीने. संघमित्रा सोनकांबळे तेव्हा पहिलटकरीण होती आणि दैवशाला नवी आशा. दैवशालाने तिला महिनोन्‌महिने जपलं, कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात नेलं, बाळ हाती येईपर्यंत तिचा हात सोडला नाही. बाळाच्या नावाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, ओसरीवर पुरुष बसलेले. ओली बाळंतीण असूनही संघमित्रा स्वतः उठली आणि पेला घेऊन आली. दैवशालाच्या घशाला कोरड पडली होती. पण त्या पुरुषांच्या गर्दीत खरं कारण तिच्या तोंडातून फुटेना, आणि ती बोलून गेली, "आज उपास आहे गं."

"पाण्याचाबी उपास असतो व्हय?" संघमित्रा म्हणाली. "आमच्याच घरी असतो, का सगळीकडं?"

दैवशाला पर्स उचलून निघाली. त्यानंतर संघमित्राने तिला दारातूनच उत्तरं दिली. पुढे संघमित्रा एसटीत ड्रायव्हर झाली, लांबच्या गाड्या चालवू लागली, आणि दोघींचं बोलणं 'व्हय' आणि 'न्हाई' यावर आलं. एकमेकींना जीव लावलेल्या दोन बायका एका गावात राहून अशा परक्या झाल्या, याचं दैवशालाला फार वाईट वाटायचं. पण वाटून काय उपयोग, सांगायचं कसं हा प्रश्न तसाच होता.

आणि मग 'निवांत' आली.

गोळी छोटीशी, पांढरी, हरभऱ्याच्या डाळीएवढी. सकाळी घेतली की दिवेलागणीपर्यंत लघवीला जायची गरज नाही. आधी बंदोबस्तावरच्या महिला पोलिसांना मिळाली, मग एसटीतल्या बायांना, आणि त्या वर्षी होळीच्या आधीच पारा पंचेचाळीसच्या वर गेला तेव्हा आशांनाही वाटायचं ठरलं. गोळी वाटायच्या आधी डॉ. नाझनीन काझी यांनी आरोग्य केंद्रात सगळ्यांना बसवून समजावलं. डॉक्टर वयाने लहान, बोलायला मोकळ्या, आणि आपलं बोलणं समोरच्याला कळावं अशी खरी तळमळ असलेल्या.

पेशीच्या आवरणात पाण्यासाठी खास दारं असतात, त्यांनी सांगितलं. त्यांना अ‍ॅक्वापोरिन म्हणतात. त्यातून पाण्याचे कण एकामागे एक रांगेत जातात, दुसरं काही शिरत नाही. मूत्रपिंडाच्या नळ्यांतली ही दारं शरीर गरजेप्रमाणे उघडतं आणि मिटतं. ती उघडली की लघवीत चाललेलं पाणी परत रक्तात येतं. निवांत ही दारं दिवसभर उघडीच ठेवते, एवढंच तिचं काम.

"पण अशी दारं मेंदूतही आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "तिथे पाण्याच्या दाराजवळच कॅल्शियमचं दार असतं. पाणी शिरून पेशी फुगली, आवरण ताणलं गेलं, की ते उघडतं आणि कॅल्शियम आत येतं. तो इशारा. इशारा मिळाला की पेशी आतले क्षार बाहेर टाकते आणि क्षारांमागोमाग पाणी निघून जातं. दोघांची जोडी आहे. एकटं एक कुणी कामाचं नाही."

या जोडीचा रोजचा संसार सुखाचा असतो. पण रक्तातलं मीठ पातळ होण्याइतकं पाणी पोटात गेलं आणि गोळीमुळे ते बाहेर पडायची वाट बंद असली, तर पाणी मेंदूच्या पेशींत शिरतच राहतं. मग कॅल्शियमचं दार मिटत नाही, आणि इशारा म्हणून आलेलं कॅल्शियम साचत जाऊन पेशीलाच इजा करतं. भोवती कवटी हाडाची, फुगायला जागा नाही. म्हणून गोळी घेतलेल्या दिवशी पाणी तहानेपुरतं, घोट घोट प्यायचं. डोकं दुखलं, मळमळलं, शब्द सापडेनासे झाले, तर पाणी ताबडतोब बंद करून केंद्रात यायचं.

यावर मागच्या रांगेतून कुणी तरी म्हणालं, "मॅडम, लातूरचं माणूस जास्त पाणी पिऊन मेलेलं कुणी ऐकलंय का?" आणि सगळ्या आशा हसून लोळल्या. ज्यांचं बालपण टँकरच्या मागे घागरी घेऊन पळण्यात गेलं, त्यांना जास्त पाण्याची भीती घालणं म्हणजे खरोखर थट्टाच होती. डॉक्टरही हसल्या. दैवशालाही हसली, आणि हसता हसता तिच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. आता भीमनगरात पाणी पिता येईल.

उष्मा मोहिमेचा दिवस उजाडला. प्रत्येक घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनगटावर ताप मोजणारी पट्टी बांधायची, ती फोनला जोडायची आणि घरच्यांना धडा द्यायचा, असं काम होतं. धडा दैवशालाला तोंडपाठ झालेला. डोकं दुखलं, मळमळलं, चक्कर आली की ऊन लागलंय असं समजायचं. सावलीत घ्यायचं. पाणी पाजायचं, नको म्हटलं तरी पाजायचं. पंचायतीचा भोंगाही दर थोड्या वेळाने हेच बजावत होता.

तिने सकाळी गोळी घेतली आणि भीमनगरापासून सुरुवात केली. पहिल्याच घरी विचारायची पद्धत म्हणून कुणी तरी विचारलं, "पाणी देऊ का ताई?" विचारणारीने उत्तराची वाटही पाहिली नव्हती, ती आत वळली होती.

"दे की," दैवशाला म्हणाली.

ती बाई वळून बघतच राहिली. मग लगबगीने गूळ आणि माठातलं पाणी आलं. दैवशालाने पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला तो रिकामा. गार पाणी घशातून उतरताना तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. बाई दारात उभी राहून बघत होती, तिचेही डोळे काही कोरडे नव्हते.

बातमी गल्लीत तिच्या पुढे धावली. दुसऱ्या घरी पेला तयार होता. तिसऱ्या घरी तर दारातच. आता एका घरी प्यायची आणि दुसऱ्या घरी नको म्हणायची, हे कसं जमणार? अर्धा पेला टाकून उठणं तर नाही म्हणण्यापेक्षा वाईट. कुणी लिंबू पिळून आणलं, कुणी वाळा घातलेलं पाणी दिलं, एका म्हाताऱ्याने तर स्वतः उठून पेला विसळला आणि तिच्या हातात दिला. इतक्या वर्षांचं राहिलेलं सगळं त्या एका सकाळी फिटत होतं. दैवशाला हसत होती, पीत होती, पट्ट्या बांधत होती, आणि घामाने तिचा पांढरा कोट पाठीला चिकटला होता. घामातून मीठ निघून जात होतं आणि भरपाईला येत होतं ते नुसतं पाणी. किती पेले झाले याचा हिशोब तिने ठेवला नाही. प्रेमाने दिलेलं पाणी कुणी मोजत नाही.

पोटाला तडस लागली तेव्हा तिने पदर सैल केला. काही घरांनंतर हातातल्या बांगड्या मनगटात रुतू लागल्या. मग कपाळाच्या मधोमध ठणका सुरू झाला, पण डोक्यावर ऊनच एवढं होतं की त्यात नवल वाटावं असं काही नव्हतं. एका आजीच्या हाताला पट्टी बांधताना तिने आजीला भलत्याच नावाने हाक मारली. आजी हसल्या. दैवशालाही हसली, पण फोनवर आजींचं खरं नाव लिहायला गेली तर अक्षरं काही केल्या जागेवर येईनात. पोटात ढवळून आलं. ऊन लागलं वाटतं, तिने स्वतःला सांगितलं, आणि स्वतःचाच धडा आठवून पुढच्या घरी दोन पेले प्यायली.

गल्लीच्या टोकाला सोनकांबळ्यांचं घर होतं. संघमित्राची सासू कौसाबाई उंबऱ्याशी बसली होती. संघमित्राची सुट्टी होती. ती आतून आली, पितळेचा लखलखीत पेला तिच्या हातात होता, काठोकाठ भरलेला. वीस वर्षांपूर्वी तोंडावर असलेला अल्लडपणा जाऊन आता तिथे ड्रायव्हरचा करडेपणा बसला होता.

"सगळ्यांच्या घरी प्यालीस म्हणं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. पेला तिने दैवशालाच्या हातात दिला आणि समोर उभी राहिली.

दैवशालाने पेला ओठांपर्यंत नेला. याच पेल्यासाठी तर सगळं चाललं होतं. आणि नेमक्या त्या क्षणी ठणक्याच्या आतून कुठून तरी डॉक्टर काझींचा आवाज आला: डोकं दुखलं, मळमळलं, शब्द सापडेनासे झाले. हे ऊन नव्हतं. घरोघरी ती ज्या खुणा सांगत आली होती त्याच या खुणा, पण उपाय बरोबर उलटा होता.

एवढा एक पेला घ्यावा आणि मग पळावं, असं तिला वाटून गेलं. एका पेल्याने काय होणार आहे? नाही घेतला तर हे दार आता कायमचं मिटेल, हे ती समोरच्या चेहऱ्यावर वाचू शकत होती. पेला ओठांना टेकला होता. पाण्याचा गारवा लागत होता. दैवशाला घाबरली, अगदी लहान पोरीसारखी घाबरली, आणि तिने पेला खाली ठेवला.

संघमित्राच्या कपाळावर आठी उमटली. दैवशाला सांगायला गेली, मी गोळी घेतलीय, मला पाणी चालत नाही, माझ्या डोक्यात पाणी शिरतंय. डोक्यात सगळं स्पष्ट होतं. तोंडातून बाहेर पडलं ते, "भाकरी... भाकरी..." तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा भाकरीच आली. मग भिंत तिरकी झाली आणि ती कौसाबाईंच्या अंगावर कलंडली.

गलका झाला. शेजारच्या बाया धावल्या. ताईंना ऊन लागलं, ताईंना ऊन लागलं, असं एकीने दुसरीला सांगितलं आणि सगळ्या धडा आठवून कामाला लागल्या. तिला सावलीत घेतलं, पदराने वारा घातला, ओलं फडकं कपाळावर ठेवलं. कुणी मान उचलून धरली आणि कुणी पेला ओठांना लावला. दैवशालाने दात मिटले. पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळलं. बायांनी तिचे गाल दाबले, ती मान झटकत राहिली. नको म्हटलं तरी पाजायचं, हे तिनेच शिकवलं होतं, आणि तिच्या शिष्या फार गुणाच्या होत्या.

"बघा," कौसाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता, म्हणूनच तो दैवशालाला लागला. "जीव चाललाय, तरी बाईला आमच्या घरचं पाणी नको."

हे ऐकू येत होतं आणि उत्तर देता येत नव्हतं, यापेक्षा मोठी शिक्षा कुणी शोधून काढली नसती. दात उघडून पाणी घ्यावं आणि मरून जावं, पण या म्हातारीच्या मनातलं हे काढून टाकावं, असं दैवशालाला क्षणभर खरंच वाटलं. तिचे जबडे सैल पडू लागले.

संघमित्राने शेजारणीच्या हातातून पेला घेतला. तो ती आता आपल्या डोक्यावर ओतते की काय, असं दैवशालाला वाटलं. पण संघमित्रा तिच्याकडे बघत बसली होती, रस्त्यात पुढच्या गाडीवाल्याच्या मनात काय आहे ते ओळखायला बघावं तशी.

"थांबा," ती म्हणाली. "साऱ्या गल्लीत प्यालेली बाई इथंच दात कशाला मिटंल?"

बायांचे हात दैवशालाच्या गालांवरून सुटले.

"सकाळधरनं ही कुणाच्या घरी मागं गेली का? मोरीत, संडासात? कुठं तरी?"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. वीसेक घरचं पाणी प्यायलेली बाई एकदाही कुठे गेली नव्हती, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. संघमित्राने पेला दूर सारला, खाली वाकली आणि दैवशालाचा हात हातात घेतला.

"निवांत घेतलीस का? व्हय असंल तर हात दाब."

दैवशालाने अंगातलं सगळं बळ एकवटून हात दाबला.

त्यानंतर जे झालं ते फार पटापट झालं आणि दैवशालाला त्यातले तुकडेच कळले. कुणी एकीने सलाईन लावायचं बोललं तशी संघमित्राने तिला गप्प केलं. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेली होती. शेजाऱ्याचा भाजीचा टेंपो होता, त्यात गोणपाटावर दैवशालाला निजवलं, तिचं डोकं कौसाबाईंच्या मांडीवर, आणि संघमित्रा चाकामागे बसली. कौसाबाईंनी चिमूटभर मीठ तिच्या ओठांच्या आत लावलं. सून म्हणाली होती मीठ द्या, म्हणून दिलं. कारण विचारायला वेळ नव्हता. टेंपो खड्डे चुकवत नव्हता, खड्ड्यांवरून उडत होता. वडाच्या वळणावर दैवशालाच्या हातापायांना झटके सुरू झाले. कौसाबाईंनी तिला एका कुशीवर वळवून धरून ठेवलं आणि "पोरी, अशी करू नको," एवढं एकच वाक्य त्या म्हणत राहिल्या. मग दैवशालाला काही कळेनासं झालं.

केंद्रात ती पोचली तेव्हा उन्हाने आडव्या झालेल्यांनी व्हरांडा भरला होता. नर्सने सवयीने साध्या सलाईनची बाटली टांगायला घेतली. संघमित्राने तिचा हात धरला आणि डॉक्टरांना हाक मारून सांगितलं की ही निवांत घेऊन सकाळपासून पाणी पितेय. डॉक्टर काझींचा चेहरा उतरला. साध्या सलाईनने इथे भागणार नव्हतं. रक्तातलं मीठ लगोलग वर आणायचं तर तीन टक्क्यांचं घट्ट सलाईन हवं, आणि ते केंद्रात नव्हतं. क्षणभर त्या उभ्याच राहिल्या. मग औषधांच्या कपाटाकडे वळल्या आणि सोडाबायकार्बच्या काचेच्या कुप्या काढल्या. त्यातही सोडियमच असतं, आणि भरपूर असतं. त्याने रक्तातले क्षार दाट होतात आणि मेंदूत शिरलेलं पाणी परत रक्ताकडे ओढलं जातं. एकेक कुपी त्यांनी स्वतः शिरेत दिली, हळूहळू, दैवशालाच्या डोळ्यांच्या बाहुल्यांकडे बघत. झटके थांबले. मग नाकातल्या नळीतून निवांतचा उतारा दिला, मूत्रपिंडातली उघडी दारं मिटवणारा.

दैवशालाने डोळे उघडले तेव्हा खाटेभोवती गर्दी होती. नवरा बालाजी पायाशी उभा होता, रडून रडून डोळे लाल झालेले. सरपंच होते, तालुक्याचे कुणी अधिकारी होते, पंचायतीचे दोन सदस्य होते. उशाशी संघमित्रा. सगळं समजत होतं, पण बोलायला गेलं की जीभ जड. डॉक्टर दारात फोनवर कुणाशी तरी बोलत होत्या आणि त्यांचा आवाज चढला होता.

"चाचणीत एकदाही झालं नाही, कारण चाचणीतल्या बायका जन्मभर कमीच पाणी पीत आलेल्या होत्या, सर. गोळी घेऊनही तेवढंच प्यायल्या. भीती गेल्यावर बाई पोटभर पाणी पिईल, हे आपण कुणी धरलंच नाही. मीही नाही. आज दुपारच्या आत प्रत्येक आशाला फोन गेला पाहिजे."

फोन ठेवून त्या खाटेजवळ आल्या. त्यांनी बालाजीला सरळ सांगितलं की धोका टळलेला नाही. सोडाबायकार्बचा जोर थोडा वेळ टिकतो. पोटातलं पाणी अजून रक्तात उतरतंय. उतारा लागू पडला तर मूत्रपिंडं ते बाहेर टाकतील, नाही तर सूज परत चढेल, आणि मग लातूरला पोचेपर्यंत काय होईल ते सांगता येत नाही. आता फक्त लघवी होण्याची वाट बघायची. एवढं बोलून त्यांनी दैवशालाच्या कपाळावर हात ठेवला. सरपंच खिडकीबाहेर बघू लागले.

वाट बघणं सुरू झालं. पंखा गरगरत होता. बालाजी मधूनच "पाणी देऊ का तिला थोडं" असं सवयीने विचारायचा आणि स्वतःच जीभ चावायचा. डोक्यातला ठणका पुन्हा वाढतोय असं दैवशालाला वाटू लागलं, आणि तो खरा वाढतोय की भीतीने, हे कळायला मार्ग नव्हता. तिने संघमित्राकडे पाहिलं.

संघमित्रा खाली वाकली आणि फक्त तिला ऐकू जाईल असं बोलू लागली. पुण्याच्या गाडीवर असताना निवांत घेऊन ती इंदापूरला उसाचा रस आणि वर दोन बाटल्या पाणी प्यायली होती, तेव्हा तिचं डोकं असंच फुटायला आलं होतं. डेपोच्या डॉक्टरने झापलं होतं. म्हणून आज ओळखता आलं.

"त्या आधीची सारी वर्षं मी कोरडीच गाडी चालवली," ती म्हणाली. "स्टँडवरचे संडास तुला ठाव हायेत. ओठ फाटायचे माझे. आन्‌ तुझ्याबद्दल एकदाबी मनात आलं न्हाई, की हिचंबी तेच असंल. आमाला दुसरंच सुचतं. सुचणारच की, दुसरं काय बघितलंय आमी?"

दैवशालाचे डोळे भरून वाहिले. तो संघमित्राचा दोष नव्हता हे तिला सांगायचं होतं. एक शब्द तोंडातून काढायचा होता तेव्हा काढला नाही, हेही सांगायचं होतं. जीभ वळेना. संघमित्राने पदराने तिचे डोळे पुसले आणि कुणी बघत नाही असं पाहून कपाळावरून हात फिरवला.

बाहेर रुग्णवाहिका येऊन उभी राहिली. तिला लातूरला हलवायचं का, यावर डॉक्टर आणि अधिकारी हलक्या आवाजात बोलू लागले. ड्रायव्हरने स्ट्रेचर आणलं. बालाजी कुणाकडे बघावं हे न कळून सगळ्यांकडे बघत होता. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मान हलवून ड्रायव्हरला खूण केली.

तेव्हा दैवशालाला कळ जाणवली. ओटीपोटात, ओळखीची, जन्मभर दाबून धरलेली. पाहता पाहता ती इतकी वाढली की तिला हसूच आलं. खाटेभोवती नवरा, सरपंच, अधिकारी, सदस्य, ड्रायव्हर, आणि दारात निम्मा व्हरांडा. दैवशालाने तोंड उघडलं. शब्द जड आला, पण अख्खा आला आणि व्हरांड्यापर्यंत पोचला.

"मला लघवीला जायचंय."

सरपंचांनी घसा खाकरला. डॉक्टर काझी मटकन खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बालाजी रडायला लागला. नर्स बेडपॅन शोधायला धावली, पण पडदा नव्हता आणि इतका वेळ थांबायला दैवशालाही तयार नव्हती. डॉक्टरांनी हात केला: जाऊ द्या, चाकाच्या खुर्चीतून न्या, किती होते ते मोजायला भांडं घेऊन जा.

बायकांच्या संडासाला कुलूप होतं. नळाला पाणी नाही म्हणून उन्हाळाभर ते तसंच होतं आणि किल्ली कुणाकडे ते कुणाला माहीत नव्हतं. संघमित्राने खुर्ची पुरुषांच्या दारापुढे नेली, आत डोकावून "बाहेर व्हा सगळे" म्हणाली आणि तिघे जण नाडी बांधत बाहेर आले. दैवशालाला आत बसवून ती दाराला पाठ लावून उभी राहिली. एक हात वर, त्यात औषधाची बाटली, आणि बाटलीची नळी दाराच्या फटीतून आत गेलेली.

आतून आवाज सुरू झाला तो थांबायचं नाव घेईना. व्हरांड्यातले पुरुष ताटकळले होते. त्यातला एक पुढे येऊन चाचरत म्हणाला, "अजून किती वेळ लागंल ओ बाई?"

"वीस वर्षांचं हाय," संघमित्रा म्हणाली. "वेळ लागंल."